वाचनालयाची सूची सीजीआयवरून एफपीएमवर : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४, खानापूर

वाचनालयाच्या ऑनलाइन पुस्तकसूचीची मांडणी बदलण्याचं काम कार्यकारिणीने मंजूर केलं. आज जुनी मांडणी नीट उतरवून काढली.

भाड्याचा एक सर्व्हर, त्यावर अपाची हा पानं पुरवणारा वेब सर्व्हर, आणि त्याच्या सीजीआय-बिन फोल्डरात पर्ल भाषेतल्या काही स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम. एक पुस्तक शोधायची, एक वर्गणी नोंदवायची, एक थकीत पुस्तकांची यादी काढायची. लिहिणारे सभासद आता हयात नाहीत. त्यांचा कोड वाचताना आदर वाढतो: प्रत्येक फॉर्ममधून आलेली अक्षरं तपासून घेतली आहेत, आणि ग्रंथपाल मॅडमना समजाव्यात म्हणून टिपा मराठीत आहेत. जुन्या अंकांचे स्कॅन मात्र उघड्या फोल्डरात पडून आहेत. ज्याच्याकडे दुवा आहे, त्याला सगळं उघडतं.

कार्यकारिणीच्या अटी दोनच. स्कॅन केलेले अंक फक्त सभासदांना दिसावेत. आणि जांबोटी, कणकुंबीकडच्या वाचकांच्या मोबाईलवरही सूची उघडावी. तिकडे घाटात रेंज येते-जाते. मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तिन्ही पुस्तकं एकाच सूचीत राहणार.

कोणती भाषा वापरायची ही चर्चा बैठकीत बराच वेळ चालली. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरची मागणी, सर्व्हरवर आल्यापासून उत्तर जाईपर्यंत अनेक टप्पे असतात. आपली स्क्रिप्ट त्यातल्या कुठल्या टप्प्याला हूक होते, म्हणजे जोडली जाते, आणि काम झाल्यावर जिवंत राहते की मरते, यावर पुढचं सगळं ठरतं. या नोंदी त्याच अंगाने ठेवणार आहे.

१२ जून

बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी आमच्याच गावची एक मुलगी मदतीला आली आहे. तिला फ्रेमवर्क येतं, पण खाली काय चालतं ते कुणी दाखवलेलं नाही. म्हणून पाच ओळींची शेल स्क्रिप्ट सीजीआय-बिनमध्ये टाकली: कंटेंट-टाइप हेडर (उत्तराच्या डोक्यावरची माहितीची ओळ) छापायचं, एक रिकामी ओळ सोडायची, मग सगळे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला सुरू होतानाच हाती मिळणारी नावं आणि त्यांपुढची माहिती) छापायचे.

ब्राउझरवर यादी आली. रिक्वेस्ट मेथड, क्वेरी स्ट्रिंग, स्क्रिप्ट नेम, पाथ इन्फो, रिमोट अॅड्रेस. ती म्हणाली, "दादा, म्हणजे भाषा कुठलीही चालेल की?" अगदी तेच. सीजीआयचा करार एवढाच आहे: माहिती एन्व्हायरन्मेंटमधून घ्यायची, फॉर्मचा मजकूर स्टँडर्ड इनपुटवरून वाचायचा, उत्तर स्टँडर्ड आउटपुटवर लिहायचं. ही पद्धत १९९३ मध्ये एनसीएसए या अमेरिकन संशोधन केंद्राच्या सर्व्हरबरोबर आली. तिचं १.१ हे रूप आरएफसी ३८७५ या इंटरनेटच्या रीतसर दस्तऐवजात छापलं गेलं ते २००४ मध्ये, म्हणजे जगभर अकरा वर्षं वापरून झाल्यावर.

ब्राउझरने पाठवलेली हेडरं याच यादीत 'एचटीटीपी' हा उपसर्ग लावून येतात. कन्नड वाचकाच्या मोबाईलने अॅक्सेप्ट-लँग्वेजमध्ये कन्नड मागितली असेल तर ती इथेच कळते. हा उपसर्ग निरागस दिसतो, पण २०१६ मध्ये त्यानेच घोटाळा केला. कुणी 'प्रॉक्सी' नावाचं हेडर पाठवलं की त्याचं 'एचटीटीपी प्रॉक्सी' होतं. प्रोग्रॅममध्ये वापरायच्या बऱ्याच तयार कोड-लायब्रऱ्या त्याच नावाच्या व्हेरिएबलमधून बाहेर जाण्याचा रस्ता वाचतात. परका माणूस आपल्या सर्व्हरची वाट अशी वळवू शकत होता. त्याआधी २०१४ मध्ये बॅश या शेलमधलं शेलशॉक नावाचं छिद्र निघालं, तेही एन्व्हायरन्मेंटमधूनच आत आलं. नव्या मांडणीत ते प्रॉक्सीचं व्हेरिएबल कोरं करून पाठवायचं, हे आजच लिहून ठेवलं.

१४ जून

जुन्या शोध-स्क्रिप्टला एसट्रेस लावून पाहिलं; प्रोग्रॅम सिस्टिमकडे काय काय मागतो ते हे साधन ओळीओळीने दाखवतं. एक शोध म्हणजे एक नवी प्रोसेस, म्हणजे नव्याने सुरू झालेला प्रोग्रॅम. पर्लचा इंटरप्रिटर (कोड वाचून चालवणारा) उठतो, मग स्ट्रिक्ट, वॉर्निंग्ज, सीजीआय मॉड्यूल, डेटाबेसचं मॉड्यूल, त्या मॉड्यूलांना लागणारी मॉड्यूलं असं एकेक शोधत फोल्डर धुंडाळतो. 'नाही सापडली', 'नाही सापडली', 'सापडली' अशा ओळींनी पडदा भरतो. सूचीला पहिला हात लागतो तो या सगळ्याच्या तळाशी. उत्तर छापलं की प्रोसेस संपली, आणि जमवलेलं सगळं तिच्याबरोबर गेलं. पुढच्या वाचकासाठी पहिल्यापासून.

यात एक मोठा गुण आहे, तो विसरू नये. एका वाचकाची माहिती दुसऱ्याच्या पानावर गळण्याची शक्यताच नाही, कारण मागे काही उरतच नाही. एवढी वर्षं ही सूची बिनघोर चालली, त्यात या गुणाचा वाटा आहे.

आणखी एक अडचण: पर्लच्या मूळ संचातून सीजीआय मॉड्यूल ५.२२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ मध्ये, काढून टाकलं. वेगळं बसवता येतं, पण नवं काम त्यावर उभारू नये.

१८ जून

आज अपाचीचे टप्पे फळ्यावर काढले. मुलीने वहीत उतरवून घेतले, मीही इथे उतरवतो.

रिक्वेस्ट वाचून झाली की पत्त्याचं फाइलच्या नावात रूपांतर. मग या ठिकाणाहून प्रवेश आहे का, हा माणूस कोण, याला परवानगी आहे का, असे तीन वेगळे प्रश्न. मग फाइलचा प्रकार ठरतो, शेवटच्या दुरुस्त्यांसाठी फिक्सअप हा टप्पा येतो, मग प्रत्यक्ष मजकूर तयार करणारा हँडलर, आणि शेवटी नोंदवहीत लॉग. प्रत्येक मॉड्यूल अपाची सुरू होतानाच सांगून ठेवतं की अमुक टप्प्याला माझं हे फंक्शन बोलवा. फंक्शनने 'डिक्लाइन्ड' म्हटलं तर पुढच्याला विचारलं जातं. हँडलरच्या टप्प्यात जो पहिला 'माझं काम' म्हणेल, त्याचं उत्तर जातं. पीएचपी या भाषेचं मॉड्यूलही सुरुवातीला इतकंच बघतं: या फाइलला लावलेलं हँडलरचं नाव आपलं आहे का? नसेल तर हात झटकतं.

मॉड-पर्लची ताकद इथे कळते. १९९६ मध्ये आलेल्या त्या मॉड्यूलने पर्लचा इंटरप्रिटर अपाचीच्या पोटात बसवला आणि जवळजवळ प्रत्येक टप्प्याचं दार पर्लला उघडून दिलं. पत्त्याचं रूपांतर, प्रवेशाची तपासणी, लॉग, सगळं पर्लमध्ये लिहिता येतं. म्हणजे पीडीएफसारख्या साध्या फाइललाही, ती सर्व्हरच्या हातून सुटण्याआधी, आपली स्क्रिप्ट अडवू शकते. आमच्या स्कॅनच्या अटीला हे नेमकं बसतं. पीएचपीला अपाचीच्या आत असूनही ही मोकळीक नाही. ती मुख्यतः मजकुराच्या टप्प्यावर उभी असते.

पण मॉड-पर्लमध्ये इंटरप्रिटर मरत नाही, म्हणून ग्लोबल व्हेरिएबलही मरत नाहीत. जुन्या स्क्रिप्टमध्ये सभासदाचं नाव अशाच एका व्हेरिएबलमध्ये आहे. सीजीआयत ते बरोबर होतं. तीच स्क्रिप्ट जशीच्या तशी आत नेली तर नंदगडच्या वाचकाला लोंढ्याच्या वाचकाचं नाव दिसू शकतं, आणि तेही फक्त कधीकधी. असा दोष शोधून काढणं फार जिकिरीचं.

पीएचपीचं वागणं याबाबतीत मला आवडतं. इंटरप्रिटर जिवंत राहतो, पण प्रत्येक रिक्वेस्टच्या आरंभी मांडामांड आणि शेवटी झाडलोट होते. व्हेरिएबल पुसली जातात, फाइल बंद होतात. सीजीआयचा सोवळेपणा राहतो आणि उठण्याचा खर्च वाचतो.

२३ जून, जांबोटी

मोबाईलवर जुनी सूची उघडून पाहायला आलो. पाऊस लागला आहे. पान उघडतं, पण अर्धं येऊन थबकतं, पुन्हा सरकतं.

सर्व्हरच्या बाजूला हेच असं दिसतं: उत्तर केव्हाच तयार आहे, पण ते घेणारा मोबाईल घोट-घोट घेतो आहे. मॉड-पीएचपी, म्हणजे अपाचीच्या पोटातलं पीएचपीचं मॉड्यूल, प्रीफोर्क पद्धतीने (आधीच उठवून ठेवलेल्या प्रोसेस वापरून) चालवलं तर एक प्रोसेस एका वाचकाला बांधलेली राहते. तिच्या पोटात अख्खा पीएचपी, डेटाबेसची जोडणी, सगळं. खरं काम क्षणाचं, उरलेला वेळ नुसतं वाट बघणं. घाटातले पुरेसे वाचक एकदम आले तर सगळ्या प्रोसेस अशा अडकतील आणि बेळगावात चांगली रेंज असलेल्यालाही पान मिळणार नाही. बैठकीत सगळे 'स्क्रिप्ट किती वेगवान' एवढंच विचारत होते. आमच्या तालुक्यात 'मोबाईल किती सावकाश' हा हिशेब आधी मांडायला हवा.

२५ जून

निर्णय झाला. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे पीएचपी-एफपीएम, म्हणजे पीएचपीच्या जाग्या प्रोसेस सांभाळणारा प्रोग्रॅम, आणि दोघांच्या मध्ये बोलायची रीत म्हणून फास्टसीजीआय. उबुंटू २४.०४ वर पीएचपी ८.३ तयार मिळते. अपाचीच्या इव्हेंट पद्धतीवर प्रॉक्सी-एफसीजीआय मॉड्यूल लावूनही हे जमलं असतं, ती मांडणी वाईट नाही. एनजिनएक्स घेतलं कारण स्कॅनसाठी त्यातली एक सोय हवी आहे. आणि पीएचपी घेतली कारण आम्ही गेल्यावर हे सांभाळू शकणारी माणसं या भागात पीएचपीचीच जास्त आहेत.

एनजिनएक्सचेही टप्पे आहेत, अकरा. त्यातल्या तिनांत बाहेरच्या मॉड्यूलला शिरता येत नाही. फास्टसीजीआयकडे धाडण्याची ओळ लिहिली की त्या ठिकाणचा मजकुराचा टप्पा एफपीएमच्या हवाली होतो. पीएचपीला तेवढाच टप्पा मिळतो. आधीचं सगळं एनजिनएक्स उरकून मोकळा होतो.

घाटातल्या वाचकासाठी महत्त्वाचं हे: एनजिनएक्स एफपीएमचं उत्तर आपल्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, ओढून घेतो, बफर भरला तर तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवतो, आणि एफपीएमला लगेच सोडतो. मग मोबाईलला घोट-घोट पाजत बसायचं काम त्याचं. त्यासाठी त्याला प्रोसेस अडकवून ठेवावी लागत नाही. फॉर्म भरतानाही तसंच, पूर्ण मजकूर हातात आल्यावरच तो मागे पाठवतो.

२९ जून

आज दोघांनी सॉकेटवरून, म्हणजे एनजिनएक्स आणि एफपीएममधल्या जोडणीवरून, जाणारी बाइट वाचली. हे कुणी सहसा करत नाही, पण एकदा केलं की फास्टसीजीआय कायमचं कळतं.

ओपन मार्केट या कंपनीने १९९६ मध्ये हा प्रोटोकॉल मांडला. सीजीआयचाच ऐवज, पण नवी प्रोसेस उठवण्याऐवजी आधीच जागी असलेल्या प्रोसेसकडे सॉकेटवरून पाठवायचा. प्रत्येक रेकॉर्डच्या डोक्यावर आठ बाइट: आवृत्ती, प्रकार, रिक्वेस्टचा क्रमांक दोन बाइटांत, मजकुराची लांबी दोन बाइटांत, जागा भरायला मागे जोडलेल्या बाइटांची लांबी, आणि एक राखीव. प्रकार १ म्हणजे रिक्वेस्ट सुरू. ४ म्हणजे पॅरामीटर, पूर्वी जे एन्व्हायरन्मेंटमध्ये होतं ते. ५ म्हणजे इनपुट, ६ आउटपुट, ७ चुकांच्या तक्रारी. लांबीला दोनच बाइट असल्याने एका रेकॉर्डमध्ये जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट. पॅरामीटर संपले हे सांगायला शून्य लांबीचा रेकॉर्ड.

पॅरामीटर लिहिण्याची रीत: आधी नावाची लांबी, मग किमतीची (त्या नावापुढच्या मजकुराची) लांबी, मग नाव, मग किंमत. लांबी १२७ पर्यंत असेल तर एका बाइटात, त्याहून मोठी असेल तर चार बाइटांत, आणि पहिल्या बाइटाचा सगळ्यात वरचा बिट चढवलेला. इंग्रजी शोध बहुतेक एका बाइटात मावतो. आपलं तसं नाही. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. 'ख' म्हणजे २२४, १६४, १५०. पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटाचं टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरांत रूप होतं, म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. आणि काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं.

आम्ही 'खानापूर तालुक्यातील' असं शोधलं. चिन्हं अठरा, त्यांची १६२ अक्षरं, मधल्या जागेचं एक, आणि फॉर्ममधलं एका अक्षराचं नाव व बरोबरचं चिन्ह मिळून दोन. एकूण १६५. सॉकेटवर नेमकं तेच दिसलं: १२, मग १२८, ०, ०, १६५. बारा म्हणजे 'क्वेरी स्ट्रिंग' या इंग्रजी नावाची अक्षरं मधल्या अधोरेखेसकट, आणि पुढचे चार बाइट म्हणजे आमच्या मराठी शब्दांची लांबी. मुलीने ते कागदावर मांडून पुन्हा मोजलं. जमल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा होता. कन्नड लिपीचाही हिशेब हाच, तीन बाइटांचा.

५ जुलै

पहिल्या मांडणीला एफपीएमकडून 'फाइल सापडली नाही' एवढंच उत्तर आलं, आणि लॉगमध्ये 'प्रायमरी स्क्रिप्ट अननोन'. कारण समजून घेण्यासारखं आहे. मॉड-पीएचपीत पत्त्यावरून फाइल शोधण्याचं काम अपाची आधीच करून ठेवतो. इथे पीएचपीची फाइल उघडणारा एफपीएम आहे, एनजिनएक्स नाही. एनजिनएक्स 'स्क्रिप्ट फाइलनेम' या पॅरामीटरमध्ये फक्त नाव कळवतो. ते नाव एफपीएमच्या नजरेतून खरं असलं पाहिजे, आणि एफपीएम ज्या युजरच्या नावाने चालतो त्याला ती वाचता आली पाहिजे. रूट फोल्डरची ओळ योग्य जागी आणली, झालं.

त्याच ओघात दुसरी काळजीही घेतली. पत्त्यात चित्राच्या फाइलपुढे तिरकी रेघ देऊन खोटं पीएचपी नाव जोडलं तर पीएचपी मागे सरकत जाऊन चित्रच स्क्रिप्ट म्हणून चालवू शकते. पाथ-इन्फोची ती दुरुस्ती बंद केली, आणि फाइल खरोखर असेल तरच मागे पाठवायचं असं एनजिनएक्सला सांगितलं. सभासद फोटो चढवणार आहेत, तेव्हा हे हवंच.

१४ जुलै

स्कॅन केलेले अंक. या प्रकल्पातला माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा भाग.

सरळ मार्ग असा: पीएचपीने सभासदत्व तपासायचं आणि पीडीएफ स्वतःच वाचून ओतायची. चालतं, पण दोन गोष्टी आड येतात. एक, अंक पूर्णपणे एनजिनएक्सच्या हाती जाईपर्यंत एफपीएमची प्रोसेस फाइल ओतण्यातच गुंतते. दोन, पीएचपीचं सेशन, म्हणजे वाचक कोण हे लक्षात ठेवणारी नोंद, फाइलमध्ये असतं आणि स्क्रिप्ट संपेपर्यंत त्याला कुलूप असतं. मोबाईलमधले पीडीएफ वाचक एकाच फाइलचे तुकडे वेगवेगळ्या रिक्वेस्टने मागतात. सगळ्यांचं सेशन एक, म्हणून सगळ्या त्या कुलपाशी रांगेत. अंक उघडत का नाही हे वाचकाला कळायचं नाही.

म्हणून एक्स-अॅक्सेल-रीडायरेक्ट. पीएचपी सभासदत्व तपासते, फाइलचा आतला पत्ता एका हेडरमध्ये लिहिते आणि संपते. ते हेडर एनजिनएक्स वाचकापर्यंत जाऊ देत नाही. त्याऐवजी रिक्वेस्ट आतल्या ठिकाणाकडे वळवतो आणि फाइल स्वतः पाठवतो, तुकडे मागितले असतील तर तुकडे. ते ठिकाण 'इंटर्नल' म्हणून बांधलं आहे, बाहेरून थेट मागितलं तर ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'.

ऑथ-रिक्वेस्ट मॉड्यूलचाही विचार केला होता. ते प्रवेशाच्या टप्प्यावर एक पोट-रिक्वेस्ट पाठवतं: दोनशेच्या घरातला 'ठीक' असा संकेत आला तर सोडा, ४०१ किंवा ४०३ हा नकाराचा संकेत आला तर अडवा. मॉड-पर्ल जे आतून करायचं तेच हे बाहेरून. पण आम्हाला कोणी कोणता अंक उघडला याची नोंद ठेवायची आहे आणि फाइलची खरी नावं झाकायची आहेत. त्यासाठी पहिला मार्ग सोयीचा.

ग्रंथपाल मॅडमनी स्वतःच्या फोनवर सभासद म्हणून अंक उघडला, मग बाहेर पडून तोच दुवा पुन्हा दाबला. "आता कसं, दार लावून घेतलं बघा," म्हणाल्या.

२४ जुलै

पाऊस थांबेना. वीज नाही. काम बंद.

३ ऑगस्ट

थकीत पुस्तकांची वार्षिक यादी मोठी आहे. एनजिनएक्स मागच्या उत्तराची साठ सेकंद वाट बघतो, मग वाचकाला ५०४, म्हणजे 'मागून वेळेत उत्तर आलं नाही', दाखवतो. पण एफपीएमची प्रोसेस मागे काम करतच राहते. कंटाळून कुणी पुन्हा बटण दाबलं की दुसरी प्रोसेस त्याच कामाला जुंपली जाते. पीएचपीची स्वतःची वेळमर्यादा इथे पुरत नाही, कारण लिनक्सवर डेटाबेसची वाट बघण्यात गेलेला वेळ तीत धरला जात नाही. म्हणून एफपीएमच्या मांडणीत रिक्वेस्ट संपवण्याची मर्यादा घातली आणि स्लो-लॉग चालू केला. कुठल्या फंक्शनात वेळ जातो ते तो दाखवतो. यादीच रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीवर) तयार करून ठेवायचं ठरलं.

वर्गणीच्या पावतीचा ईमेल मात्र तिथल्या तिथे जातो. एफपीएममध्ये 'फास्टसीजीआय फिनिश रिक्वेस्ट' असं फंक्शन आहे: उत्तर वाचकाला पोचवून टाकायचं आणि उरलेलं काम नंतर करायचं. पावतीचं पान लगेच दिसतं, ईमेल मागून जातो.

एफपीएमच्या प्रोसेस बारा, संख्या कायम. सर्व्हरची मेमरी २ जीबी आहे, त्यात डेटाबेसही राहतो. 'मागणीप्रमाणे वाढव' हा पर्याय मोहक आहे, पण मेमरी संपली तर डेटाबेस पडेल. त्यापेक्षा वाचक क्षणभर रांगेत थांबलेला बरा.

१७ ऑगस्ट

नवी सूची चालू केली. सकाळी नंदगड आणि लोंढ्याहून शोध आले, दुपारी कणकुंबीहून. लॉगमध्ये दोन वेळा ठेवल्या आहेत: एफपीएमला उत्तर द्यायला लागलेला, आणि वाचकापर्यंत पूर्ण पोचायला लागलेला. घाटातल्या वाचकांच्या दुसऱ्या आकड्यात मोठी तफावत आहे, पहिल्या आकड्यात बेळगावच्या वाचकांपेक्षा फरक नाही. हवं होतं ते हेच.

सभासदांच्या जुन्या कार्डांवर सीजीआय-बिनचा पत्ता छापलेला आहे. ती कार्डं बदलायची नाहीत. एनजिनएक्सच्या रीराइट टप्प्यावर जुन्या शोधाचा पत्ता नव्या पानाकडे 'पत्ता कायमचा बदलला' या ३०१ संकेताने वळवला, क्वेरी स्ट्रिंग जशीच्या तशी ठेवून. वर्गणीच्या फॉर्मला ३०८ दिला, कारण ३०१ वर बरेच ब्राउझर पोस्टचं (मजकूर पाठवणाऱ्या मागणीचं) गेट (नुसतं पान मागणारी मागणी) करतात आणि भरलेला मजकूर हरवतो. पर्लच्या स्क्रिप्ट, त्यांतल्या मराठी टिपांसकट, वाचनालयाच्या संग्रहात वेगळ्या फोल्डरात नोंदवून ठेवल्या.

राहिलेलं: कन्नड पुस्तकांची नावं देवनागरीत टाकूनही सापडावीत ही ग्रंथपाल मॅडमची मागणी. ते काम सूचीच्या अनुक्रमणिकेचं आहे, त्याच्या नोंदी वेगळ्या वहीत.